ही लाइन आमची नाही

मार्च लागला की बदलापूरच्या आमच्या इमारतीत सकाळपासून पाठांतराचे आवाज सुरू होतात. खालच्या मजल्यावर कुणी इतिहासातली कारणं घोकत असतं, वरच्या मजल्यावर कुणी रसायनशास्त्राची समीकरणं. पाण्याच्या जारचा टेम्पो फाटकाशी येऊन हॉर्न देतो. उन्हं अजून कोवळी असतात, पण दुपारपर्यंत वारा फिरणार आणि एमआयडीसीकडून तो वास येणार, हे मला ठाऊक असतं. थोडा सडक्या अंड्यासारखा, थोडा जळक्या रबरासारखा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर. इथली माणसं त्याला वास म्हणत नाहीत. "आज सोडलंय," एवढंच म्हणतात आणि खिडक्या लावून घेतात. कुणी सोडलंय, काय सोडलंय, ते त्या वाक्यात नसतं. मराठीत कर्त्यावाचून वाक्य किती सहज उभं राहतं, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. त्याचा खरा अर्थ मला एका उन्हाळ्यात कळला.

दोन हजारचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी उल्हासनगरात, विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. घर अंबरनाथ पश्चिमेला. नवरा एका कारखान्यात अधिकारी. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र, त्याचा हिरवा दिवा. वर्गात निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांची मुलं, अंबरनाथच्या कामगारांची, बदलापूरहून येणारी, सगळी एका बाकावर. अभ्यासक्रमात उपयोजित मराठी असायचं. बातमी, जाहिरात, अर्ज. अर्जाचे विषय ठरलेले: परिसरातली अस्वच्छता, लाऊडस्पीकरचा त्रास, नळाला येणारं घाण पाणी. मुलं लिहायची, मी तारीख कुठे आहे, विषय अधोरेखित केलाय का, 'महोदय' नंतर स्वल्पविराम आहे का, ते बघून गुण द्यायचे. राज्यभरातली लाखो मुलं दरवर्षी घाण पाण्याची तक्रार करतात आणि त्यातला एकही अर्ज कुठे जात नाही, हे मला तोवर कधी विचित्रसुद्धा वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी अकरावीच्या वर्गात उज्ज्वला उभी राहिली. तिसऱ्या बाकावर बसणारी, शेंडीसारखी घट्ट वेणी घालणारी, फारसं न बोलणारी मुलगी. तिने अर्ज वाचून दाखवला होता आणि मी "छान" म्हटलं होतं. ती खाली बसेना.

"मॅडम, हा खरंच पाठवला तर?"

वर्ग हसला.

"कुणाला पाठवणार?"

"ज्याच्या नावाने लिहिलाय त्याला." तिने वहीत बघितलं. "मा. आरोग्य अधिकारी. ते कुठे बसतात?"

मला ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ज्यांना पत्र लिहायला शिकवलं, ते कुठे बसतात, पाण्याचं बघतात की नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "शोधून काढू." त्या दोन शब्दांतून तो सगळा उन्हाळा सुरू झाला.

तिची वस्ती अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांच्या अलीकडे, नाल्याच्या उतारावर. वर रस्त्याशी छोटं बुद्धविहार, निळं दार, बाहेर कुंडीत बोधिवृक्षाचं रोप. तिथून गल्ली खाली उतरत जाते आणि गल्लीच्या मधोमध गटार. त्या रविवारी मी पहिल्यांदा गेले तेव्हा गटारात मला साप पडल्यासारखे वाटले. ते नळाचे पाइप होते. प्रत्येक घराचा वेगळा, काही लोखंडी, काही प्लॅस्टिकचे, एकमेकांत गुंतलेले, सांध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधलेले. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. ते गेलं की पाइप रिकामे व्हायचे, आणि रिकामा पाइप सांध्यातून गटार ओढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा तेच घरात यायचं. म्हणून पहिली बादली फेकायची, अशी वस्तीची रीत होती. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासू चूल दाखवायच्या आधी हे सांगायची.

"जयभीम मॅडम, या," असं म्हणत हात पुसत बाहेर आली ती उज्ज्वलाची वहिनी, मंगल. दीपकची, म्हणजे उज्ज्वलाच्या थोरल्या भावाची, बायको. वांगणीच्या पुढच्या एका खेड्यातली, सातवीपर्यंत शिकलेली, पहिलटकरीण. पाचवा महिना होता. हसायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. तिने चहा दिला. मी कप हातात घेऊन क्षणभर थांबले, ते तिने टिपलं.

"घ्या बिनधास्त. चांगला खळखळ उकळलाय," ती म्हणाली. "प्यायचं तेवढं उकळतो आम्ही. बाकीचं सगळं काय उकळत बसणार? भांडी हायेत, भाजी हाय, आंघोळ हाय."

दर रविवारी आम्ही विहारात जमू लागलो. सतरंजीवर वस्तीतल्या बायका, दोन-चार तरुण पोरं, माझ्या वर्गातले काही. त्यांत मोहित होता, उल्हासनगरच्या कॅम्पातला, वडिलांचं कापडाचं दुकान. त्याचं मराठी निम्मं हिंदीतून यायचं. का येतोस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, क्लास में तो सब झूठमूठ का लिखते हैं. इकडे खरं आहे ना." विहाराच्या उंच खिडकीतून उन्हाची एक पट्टी सरकत सरकत आमच्या कागदांवर यायची. अगरबत्तीचा वास आणि नाल्याचा वास एकमेकांत मिसळलेले असायचे.

पहिला अर्ज तरुण पोरांनी लिहिला. 'झोपलेल्या प्रशासना, जागा हो' अशी सुरुवात आणि पुढे चार उद्गारचिन्हं. वाचताना त्यांना स्फुरण चढलं होतं. मी विचारलं, "हे वाचून साहेब काय करतील?" मग एक जण म्हणाला, "फाइलला लावतील." दुसरा अर्ज उज्ज्वलाचा. अगदी पुस्तकातला. 'आपल्या चरणी नम्र विनंती की.' मंगल मागून फटकन म्हणाली, "चरणी कशापायी? पाणीच मागतोय ना, भीक नाय." विहारात हशा पिकला. उज्ज्वलाने ते शब्द खोडले.

त्या खोडण्यापासून खरं शिकवणं सुरू झालं. त्यांचं आणि माझंही. आजवर मी अर्जाचा सांगाडा शिकवला होता. आता आम्ही विचारत होतो: आपल्याला नेमकं काय हवंय? 'शुद्ध पाणी' असं सगळ्यांनी म्हटलं. मी म्हटलं, शुद्ध पाणी द्या म्हटलं तर साहेब म्हणतील, शुद्धच देतो. मग तासभर वाद झाला आणि मागणी आकुंचन पावत पावत एका ओळीवर आली: पाइप गटारातून वर उचलून भिंतीला लावा. हे कुणीतरी एक माणूस, एक सही करून, करू शकतो. मग तो माणूस कोण? 'पाणी घाण येते' या वाक्यात तो नाही, मी म्हटलं. या वाक्यात पाणी आपणहून घाण होतं आणि आपणहून येतं. कर्ता शोधा. त्या बायकांनी व्याकरणाचा तो शब्द चटकन उचलला. पुढचा महिनाभर वस्तीत कुठे काही बिघडलं की कुणीतरी ओरडायचं, "कर्ता कोण?"

मोहितने त्याच्या दुकानातलं एक सांगितलं, ते मी नंतर प्रत्येक वर्गाला सांगत आले. "गिऱ्हाईक 'नहीं चाहिए' बोलतं ना, तर पापा भांडत नाहीत. विचारतात, क्यों नहीं चाहिए? मग जे बोलेल, त्याचंच उत्तर द्यायचं. साहेब नाही बोलणारच आहे. का बोलेल, ते अगोदर लिहून टाकू."

आणि मंगलने एक प्रश्न विचारला. ती भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "मॅडम, एक सांगा. साहेबाला जे वाचायला बरं वाटंल ते लिवायचं, का आमाला काय होतंय ते लिवायचं?"

मी काहीतरी बोलले. दोन्ही जिथे जुळतं ती जागा शोधायची, असं. ते बोलणं चूक नव्हतं. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर म्हणत होती की अशी जागा असेलच असं नाही.

मार्च संपत आला. नाला आटून काळा लगदा झाला. झाडांची पानं कारखान्यांच्या धुळीने राखी झाली. दुपारी पत्रे तापून कडकड वाजायचे. गल्लीतून चालताना कुठल्या घरात कोणता विषय चाललाय ते ऐकू यायचं. दहावीची पोरं दारात, सावली जिकडे सरकेल तिकडे पाट सरकवत बसलेली. आमचा अर्ज तयार झाला होता. बायकांनी सकाळचं पहिलं पाणी काचेच्या बाटलीत भरून विहाराच्या खिडकीत ठेवलं होतं. तळाशी काळपट गाळ बसला होता. अर्ज आणि बाटली घेऊन आम्ही पहिल्या कार्यालयात, नगरपालिकेत, गेलो.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला. खरंच वाचला, ते मी बघितलं. मग बाटली उजेडात धरून म्हणाले, "बाटलीत काय, कुठलंही पाणी भरता येतं." आणि अर्ज परत सरकवला. "ही लाइन आमची नाही. पाणी देणारं खातं वेगळं. तिकडे जा."

आम्ही तिकडे गेलो. तिथे पंख्याखाली बसलेले दुसरे साहेब म्हणाले, "आम्ही पाणी शुद्धच सोडतो. पुढे ते तुमच्या गटारातून जातं, त्याला आम्ही काय करणार? गटार आमचं नाही. आणि गल्लीतली लाइन तुम्ही लोकांनी टाकलेली, तीपण आमची नाही." त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पहिल्या कार्यालयाचं नाव लिहून दिलं. शिक्का मात्र मारला. बाहेर आल्यावर दीपकने तो शिक्का बोटाने पुसून बघितला, शाई ओली होती. "निदान हे तरी खरं आहे," तो म्हणाला.

पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. साहेब रजेवर. साहेब मीटिंगला. मार्च एंड आहे, नंतर या. निवडणुकीचं काम आहे, नंतर या. आम्ही अर्ज सुधारत गेलो. प्रत्येक नकाराला एक नवा परिच्छेद. अर्ज इतका चांगला झाला की तो पाठ्यपुस्तकात छापावा. तो घेऊन आम्ही उन्हात उभे असायचो.

मंगलला सातवा लागला होता. वांगणीहून तिचे वडील न्यायला आले. तिकडे त्यांची विहीर, आंब्याखालची, गार. उज्ज्वलाच्या आईने तिची पिशवी भरून ठेवली होती. मंगल जाईना.

"जयंती होऊ दे, मग जाते," ती म्हणाली. मग म्हणाली, "अर्जाचं काय होतंय ते बघून जाते."

"तू जा," मी म्हटलं. "काही झालं तर उज्ज्वला कळवेल."

"नाय जायाची मी. मॅडम, मी शाळेत असताना एक बी पत्र पुरतं लिवलं नाय. ह्यात माझी सई हाय. साहेबाच्या तोंडून ऐकल्याबिगर मी हलणार नाय." आणि हसली, तसंच, गल्लीच्या टोकापर्यंत. वडील एकटे परत गेले.

भीमजयंतीला विहार धुऊन काढलं, पताका लागल्या, गल्लीत खीर वाटली. त्याच आठवड्यात पहिल्या मुलाचे डोळे पिवळे दिसले. मग त्याच्या बहिणीचे. मग समोरच्या घरात. कावीळ वस्तीला नवी नव्हती. उन्हाळ्यात एखादी यायचीच. पण यावेळी ती गल्लीने खाली उतरत गेली, पाइप जसे उतरत जातात तशी. घराघरांतून उसाचा रस आणला जाऊ लागला. वांगणीकडे कुणी बाई काविळीची माळ देते म्हणे, गळ्यात घातली की आपोआप लांब होत जाते, ती आणायला माणसं धावली. पोरं गळ्यात काटक्यांच्या माळा घालून दारात बसलेली दिसायची. बहुतेकांना आठ-पंधरा दिवसांत उतारही पडला. म्हणून मंगलला ताप आला आणि अन्नाची शिसारी बसली तेव्हा कुणी फार घाबरलं नाही. दिवसच तसे आहेत, सासू म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टर घाबरले. पोटुशीला ही कावीळ वेगळी असते, जिवावर उठते, असं त्यांनी दीपकला बाजूला घेऊन सांगितलं. उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी कॉलेजातून तशीच तिकडे गेले. ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. तिची कातडी हळदीच्या दिवशी असावी तशी दिसत होती, आणि तो विचार मनात आल्याबरोबर मला माझीच किळस आली. तिने मला ओळखलं.

"साहेब काय बोलला?"

"सोमवारी बोलावलंय," मी म्हटलं. ते खरं होतं. सोमवारी बोलावलं होतं, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी तिचं बोलणं असंबद्ध झालं. ती विहिरीबद्दल बोलायची, मग अचानक कुणावर तरी चिडायची. उज्ज्वलाला तिने आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मुंबईला न्यायचं ठरलं, अँब्युलन्स ठरली. गाडी दारात येऊन उभी असतानाच, भर दुपारी, मंगल गेली. बाळ आधीच गेलं होतं. मुलगी होती.

विहारात, आम्ही बसायचो त्याच सतरंजीवर, पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या. मेणबत्त्या उन्हाने वाकल्या होत्या. भंतेजींचे शब्द ऐकू येत होते आणि कळत नव्हते. सगळं झाल्यावर दीपक माझ्याजवळ आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "मॅडम, तुम्ही चांगलं शिकवलंत. आमचं चुकलं नाही काही. पण ज्याला लिहीत होतो त्याला वाचायचंच नव्हतं. आता नको वर्ग."

मी घरी आले. टेबलावर बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तपासायला घेतला. कुठल्या तरी अनोळखी मुलाने, सुवाच्य अक्षरात, नळाला येणाऱ्या घाण पाण्याबद्दल अर्ज लिहिला होता. 'तरी आपण या गोष्टीकडे त्वरित लक्ष द्यावे.' खाली 'आपला विश्वासू, अ. ब. क.' पुढच्या पत्रिकेतही तेच, त्याच्या पुढच्याही. स्वयंपाकघरात त्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला. मी प्रत्येकाला पूर्ण गुण देत गेले. काय कमी करणार होते? सांगाडा बरोबर होता. शब्द बरोबर होते. शब्दांच्या पलीकडे कुणी नव्हतं, एवढंच.

त्या दिवसांत मी भाषेवरचा विश्वास गमावला, असं म्हणणं सोपं आहे आणि ते नाटकी वाटेल. पण मला वर्गात उभं राहवेना, हे खरं. कविता शिकवता यायची; तिच्याकडून कुणी काही मागत नाही. 'विनंती' हा शब्द फळ्यावर लिहिताना मात्र खडू अडायचा.

मे उजाडला आणि एका सकाळी उज्ज्वला माझ्या घरी आली. वाळली होती. पाण्याचा पेला दिला, तो तिने हातातच धरून ठेवला.

"मॅडम, आपण फार लिहिलं," ती म्हणाली. "एवढं नको होतं. मोहित बोलला होता ना, साहेब नाही का बोलतो ते बघा. तो एकच गोष्ट बोलतो. लाइन आमची नाही. मग तेच मागू."

तिने कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होतं. 'आमच्या गल्लीतील पाण्याची लाइन व गटार आपल्या अखत्यारीत येत नाही, असे आम्हाला लेखी द्यावे.' दोन्ही कार्यालयांना, एकसारखं.

मी ते परत परत वाचलं. त्यात विनंती नव्हती, राग नव्हता, विशेषण नव्हतं. "मंगलबद्दल काहीच नाही?" मी विचारलं.

"तिचं नाव नाही टाकणार." तिने पेला तसाच खाली ठेवला. "तिचं नाव टाकलं तर तेपण वाचतील आणि बोलतील, ही आमची नाही."

वस्तीतल्या बायकांना घेऊन आम्ही गेलो. कुणी घोषणा दिल्या नाहीत. पहिल्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"असं लेखी देता येत नाही."

"का, सर?" उज्ज्वलाने विचारलं.

"तशी पद्धत नाही."

"तुम्ही तोंडी सांगितलंत ना, सर, बऱ्याच वेळा. तेच लिहून द्या. आम्ही पुन्हा येणार नाही."

पंखा फिरत होता. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनेही पदर सावरला नाही की पाय बदलला नाही. शेवटी साहेबांनी कुणाला तरी फोन लावला आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दुसऱ्या कार्यालयातही तसंच झालं. नाही म्हणायला त्यांना जीभ पुरत होती. सही करायची म्हटल्यावर मात्र प्रत्येकाला समजलं की लाइन आपली असू शकते आणि तो कागद उद्या अंगाशी येऊ शकतो.

त्यानंतर दोन्हीकडचे साहेब एकत्र पाहणीला आले. नाकाला रुमाल लावून गल्लीत उभे राहिले आणि गटाराच्या दोन बाजूंनी एकमेकांशीच भांडले. वस्ती दारांत उभी राहून ऐकत होती. आणि मग, पाऊस तोंडावर आला असताना, माणसं आली, खणलं, नवे पाइप भिंतींना गुडघाभर उंचीवर क्लॅम्पने लावले. वरच्या रस्त्यावर बॅनर लागला, हात जोडलेले फोटो, 'पाणीप्रश्न मार्गी लावल्याबद्दल हार्दिक आभार.' त्या बॅनरवर मात्र कर्ते भरपूर होते. मंगलच्या सहीचा अर्ज कुठल्या फाइलमध्ये गेला, कुणाला ठाऊक नाही.

नवं पाणी आलं त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाणी स्वच्छ होतं. उज्ज्वलाच्या आईने पहिली बादली भरली आणि उचलून ओतून दिली. मग दुसरी भरली, तीही ओतली. शेजारणीने तिचा हात धरला. दीपक घरातच होता, पहिल्या पाळीला जायचं होतं तरी गेला नव्हता. तो बाहेर आला नाही.

लिहिण्याने प्रश्न सुटतो का, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. शिबिरांत, चर्चासत्रांत, गळ्यात ओळखपत्रं घालून. सुटतो, मी सांगते. नीट विचार करून लिहिलं, समोरच्याला ओळखून लिहिलं, तर दगडातूनही माणूस बाहेर काढता येतो. हे मी पाहिलंय. पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी अंगातून जातो. ते त्या खोलीत बसलेल्यांना समजत नाही, म्हणून मी पुढचं बोलत नाही.

पाइप बदलले त्याच्या पुढच्या रविवारी नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका विहारात आल्या. त्यांच्याकडे तसंच गटार, तसेच पाइप. त्यांतली एक वयस्कर बाई उज्ज्वलाला म्हणाली, "पोरी, तुमच्या गल्लीचं झालं. आमचं पण तेवढं लिहून दे ना."

त्या सतरंजीवर बसल्या. मी पिशवीतून कोरे कागद काढू लागले, तर उज्ज्वलाने माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं.

"काकी," तिने विचारलं, "तुमच्यात पोटुशी कोण आहे?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मागे बसलेल्या एका पोरसवदा मुलीने लाजून मान खाली घातली. "ही माझी सून," ती बाई म्हणाली. "पाचवा लागलाय. का गं?"

"हिला आज माहेरी पाठवा. उद्या नाही, आज. माहेर नसेल तर दुसऱ्या कुणाकडे, पण हिथून लांब. कपडे भरा आणि निघा."

"आणि अर्ज?"

"ती पोचली की सांगायला या. मग लिहू."

त्या बायकांतल्या दोघींनी त्या मुलीला हात धरून उठवलं आणि उतारावरून सांभाळत खाली नेऊ लागल्या. उज्ज्वला दारात उभी राहून बघत होती. त्या नाल्यावरची फळी ओलांडून पलीकडच्या घरांत दिसेनाशा झाल्या, तरी ती बराच वेळ तिथेच उभी होती.